मीठ आणि माती रानातच थांबवायची तर कामाचा क्रम काय ठेवायचा: कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यासाठी

वाळवा, पलूस, मिरज, शिरोळ या पट्ट्यात कुणाच्याही रानात उभं राहा, तुमचं पाणी शेवटी कुठं जातं हे सांगायला नकाशा लागत नाही. रानातनं दंडात, दंडातनं ओघळीत, ओघळीतनं ओढ्यात आणि ओढ्यातनं कृष्णेत नाहीतर वारणा, येरळा, पंचगंगेत, आणि त्या पण शेवटी कृष्णेलाच, वारणा हरिपूरला, येरळा ब्रह्मनाळजवळ, पंचगंगा नरसोबाच्या वाडीला. म्हणजे आपल्या रानातनं जे काही सुटतं ते खालच्या गावाच्या पिण्याच्या पाण्यात आणि त्यांच्या लिफ्टच्या (नदीतनं पाणी उचलणाऱ्या योजनेच्या) जॅकवेलमध्ये जाणार हे नक्की. कारखाने आणि शहरांचं सांडपाणी यावर भरपूर बोललं जातं आणि बोललंच पाहिजे, पण आपल्या उसाच्या रानातनं जाणारं मीठ, म्हणजे पाण्यातले क्षार, आणि माती याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून हा लेख. इथं फक्त रान ते नदी एवढंच धरलंय आणि कामं ज्या क्रमानं करायची त्याच क्रमानं लिहिलीयत (फक्त जिप्सम रानात निचऱ्यानंतर), कारण माझ्या मते सगळा घोळ क्रम चुकल्यामुळं होतोय. रान खारावलं की लोक थेट पाईप ड्रेनेजच्या, म्हणजे जमिनीखाली पाईप पुरून पाणी काढायच्या, मागं लागतात, आणि पाण्याचा व्हॉल्व्ह तसाच चालू राहतो. ड्रेनेजनं रान सुधारतं हे खरंय, पण वरचं पाणी कमी न करता केलं तर ते मीठ फक्त पत्ता बदलतं, तुमच्या रानातनं निघून नदीत जातं.

मीठ आणि माती दोन वेगळे विषय वाटतात पण दोन्हीचं वाहन एकच आहे, जादा झालेलं पाणी. जमिनीत मुरून खाली गेलेलं जादा पाणी मीठ घेऊन ओढ्यात झिरपतं आणि वरनं वाहून गेलेलं जादा पाणी माती घेऊन जातं. हे डोक्यात बसलं की पुढची सगळी कामं सोपी वाटतील.

आधी बघायचं आणि मोजायचं

मोजल्याशिवाय खर्च करू नका. पहिलं काम एकदम फुकटातलं आहे, जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन रानाच्या खालच्या बाजूनं चालत जायचं. पाणी नेमकं कुठनं बाहेर पडतंय, कुठल्या कोपऱ्यातनं गढूळ येतंय, शेजाऱ्याचं पाणी आपल्यात कुठनं घुसतंय, पाणंद रस्त्याच्या कडेची गटार कुणाच्या रानात सुटलीय, हे सगळं त्या एका तासात दिसतं आणि नंतर वर्षभर दिसत नाही. मोबाईलवर फोटो काढून ठेवा. जिथनं पाणी आत येतं तिथली एक बाटली आणि जिथनं बाहेर जातं तिथली एक बाटली भरून घ्या, दोन्ही एक दिवस न हलवता ठेवून द्या, तळाला किती गाळ बसला ते शेजारी शेजारी ठेवून बघा. आत येणारी स्वच्छ आणि बाहेर जाणारी गढूळ असेल तर माती तुमचीच जातीय.

दुसरं, खिशात मावणारा ईसी मीटर घ्या, चारपाच जणांत मिळून एक घेतला तरी चालतो. ईसी म्हणजे पाण्यातल्या क्षारांचा अंदाज. मीटरवर १००० मायक्रोसायमन आलं म्हणजे १ डेसिसायमन, आणि १ डेसिसायमन म्हणजे ढोबळमानानं लिटरला ६४० मिलिग्रॅम क्षार. नदीचं पाणी, विहीर, बोअर, ओढा, ड्रेनेजचं तोंड, सगळं मोजून वहीत तारखेसकट लिहा. सिंचनाच्या पाण्यात ०.२५ च्या आत असेल तर उत्तम, ०.७५ पर्यंत मध्यम, त्याच्या वर २.२५ पर्यंत जपून वापरायचं, आणि २.२५ च्या वर गेलं तर ते पाणी भारी काळ्या रानाला देऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरं माती परीक्षण, पण नेहमीसारखा वरचा एकच नमुना नको. क्षारपड किंवा उपळट (खालनं पाणी पाझरणाऱ्या) रानात ० ते ३०, ३० ते ६० आणि ६० ते ९० सेंटीमीटर असे तीन थरांचे वेगळे नमुने द्या, मीठ वर बसलंय का खाली हे त्यातनंच कळतं. आणि लॅबला एक प्रश्न नक्की विचारा, ईसी कुठल्या पद्धतीनं काढला? पुस्तकात जी ४ डेसिसायमनची मर्यादा असते ती संपृक्त मातीच्या अर्काची, म्हणजे पाण्यानं पुरत्या भिजवलेल्या मातीतनं काढलेल्या पाण्याची असते, आणि आपल्याकडच्या बऱ्याच लॅब एक भाग माती अडीच भाग पाणी अशा द्रावणात ईसी काढतात, त्यात पाणी जास्त असल्यामुळं आकडा बराच कमी येतो. त्या पद्धतीत १ च्या आत असेल तर साधारण ठीक धरतात. रिपोर्टमध्ये १.८ बघून "चारच्या आत आहे, काही नाही" म्हणून गप्प बसू नका, ती जमीन खारावायला लागलेली असते.

रिपोर्टवरनं जमीन कुठल्या प्रकारची ते ओळखायचं. संपृक्त अर्काचा ईसी ४ च्या वर पण पीएच ८.५ च्या आत आणि विनिमययोग्य (मातीच्या कणांना चिकटलेला) सोडियम १५ टक्क्यांच्या आत, तर ती क्षारयुक्त, म्हणजे मिठफुटीची. ईसी कमी, पण पीएच ८.५ च्या वर आणि सोडियम १५ टक्क्यांच्या वर, तर ती चोपण. ईसी आणि सोडियम दोन्ही जास्त, तर क्षारयुक्त चोपण. इलाज तिन्हीचा वेगळा आहे, आणि इथंच खूप पैसा वाया जातो कारण दुकानदार सगळ्यांना जिप्समच देतो.

चोपण आहे का हे घरीच बघायचं असेल तर काचेच्या ग्लासात पावसाचं किंवा फिल्टरचं पाणी घ्या, बोअरचं नको, त्यात वाळलेल्या मातीचं हरभऱ्याएवढं ढेकूळ अलगद सोडा आणि ग्लास हलवू नका. ढेकूळ नुसतं विरघळून ढीग झाला तर ठीक आहे, पण त्याच्याभोवती दुधासारखं गढूळ वलय पसरायला लागलं तर मातीतला सोडियम चिकणमातीचे कण सुटे करतोय. असल्या रानातनं वाहिलेलं पाणी दोन दोन दिवस ठेवलं तरी निवळत नाही. म्हणजे चोपण रान हे मिठाचं पण आणि नदीच्या गढूळपणाचं पण कारण असतं, आणि ते सुधारलं तर दोन्ही एकदम कमी होतं.

शेवटचं मोजमाप पाणीपातळीचं. रानात दोन तीन ठिकाणी साडेपाच सहा फूट खोल भोक पाडून त्यात खालच्या बाजूला भोकं पाडलेला पीव्हीसी पाईप उभा करा, वरनं झाकण लावा, आणि महिन्यातनं एकदा दोरीला वजन बांधून पाणी किती खाली आहे ते मोजा. पाणी दीड मीटरच्या आत आलेलं असेल तर धोका सुरू झाला. काळ्या मातीत ते पाणी, वातीतनं तेल चढावं तसं, वर चढतं, उन्हानं उडून जातं आणि मीठ मागं वरच ठेवतं.

पाणी कमी करणं, निम्मं काम इथंच आहे

हिशोब एकदा स्वतः करून बघा. एका एकरात एक इंच पाणी म्हणजे जवळपास १ लाख लिटर. पाटपाण्यानं एका पाळीला तीन इंच सहज जातं, म्हणजे ३ लाख लिटर. तुमच्या विहिरीचा ईसी १ असेल तर त्या एका पाळीत रानात जवळपास २०० किलो मीठ गेलं. वर्षाला २५ पाळ्या धरल्या तर ५ टन, म्हणजे ५० किलोच्या १०० गोण्या एका एकरात, आणि पीक त्यातलं अगदी थोडं घेतं. नदीचं चांगलं ०.३ ईसीचं पाणी दिलं तरी दीड टन होतं. हे मीठ कुठं जाणार? एकतर रानात साठणार नाहीतर झिरपून ओढ्यात जाणार. नदीत जाणारं मीठ कमी करायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे ते रानात आणायचंच कमी, बाकी सगळे उपाय त्यानंतर.

आता पाणी जास्त का जातं ते सगळ्यांना माहितीय. लाईट रात्रीची, मोटारीला ऑटो बसवलेला, लाईट आली की मोटार चालू, आणि पाणी सकाळपर्यंत एकाच फडात. त्यात लिफ्टची पाणीपट्टी एकरावर, लिटरवर नाही, त्यामुळं पाळी आली की गरज असो नसो पाणी घ्यायचंच. शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही, व्यवस्थाच तशी आहे, पण आपल्या हातात जे आहे ते तरी करू.

पाळी आली म्हणून पाणी नको, वाफसा गेला का बघून पाणी. वीस तीस सेंटीमीटर खालची माती मुठीत दाबा, गोळा घट्ट होतोय आणि हाताला ओल लागतीय तर अजून थांबा, गोळा फुटायला लागला तर पाणी द्या. ऊस एक दोन दिवस थांबला म्हणून काही बिघडत नाही, उलट मुळ्या खाली जातात. पाटपाणीच द्यायचं असेल तर सऱ्या आखूड करा, लांब सरीत वरच्या टोकाला गरजेच्या दुप्पट पाणी मुरतं तेव्हा कुठं खालच्या टोकाला पोचतं. मोठ्या वाढलेल्या उसात एक सरी आड पाणी द्या. ऑटोच्या जोडीला टायमर बसवा, खर्च फार नाही.

ठिबक करता आलं तर सगळ्यात चांगलं, निम्म्याच्या आसपास पाणी वाचतं. पण ठिबकच्या रानात पण मीठ साठतं, ते ओल्या भागाच्या कडेला गोळा होतं, आणि अचानक हलका पाऊस झाला की मुळाशी येतं. म्हणून हलका पाऊस पडत असताना ठिबक बंद करू नका, चालूच ठेवा. पाऊसकाळ चांगला झाला तर ते मीठ आपोआप खाली धुतलं जातं.

पाणी इतकं पण कमी नको की मीठ मुळाशीच बसेल, हे पण खरं. ऊस तसा मिठाला नाजूक आहे, मुळाच्या थरात संपृक्त अर्काचा ईसी १.७ च्या वर गेला की उसाचं उत्पादन घसरायला लागतं, पुढं प्रत्येक एका डेसिसायमनला साधारण ६ टक्के. ईसी १ च्या पाण्यावर गरजेपेक्षा १३ टक्क्यांच्या आसपास जादा पाणी मीठ खाली ढकलायला लागतं. तेरा टक्के, शंभर टक्के नाही. आणि आपल्याकडं बहुतेक वर्षी हे काम पावसाळाच करून जातो, उन्हाळ्यात मुद्दाम करायची गरज नसते.

खताचं पण इथंच सांगतो, रासायनिक खत हे पण मीठच आहे. माती परीक्षणाप्रमाणे आणि हप्त्यानं द्या, मोठ्या पावसाच्या तोंडावर कधीच नको. मिठफुटीच्या रानात पांढऱ्या किंवा लाल पोटॅशमधला क्लोराईड टाळता आला तर टाळा, सल्फेटचं पोटॅश महाग आहे पण अशा रानात परवडतं.

माती उघडी ठेवायची नाही

एका एकरातनं फक्त एक मिलिमीटर माती धुतली, नखाएवढी पण नाही, तरी ती ४ घनमीटर होते, म्हणजे जवळपास दीड ब्रास, वजनात ५ टन. भारतात हेक्टरी सरासरी १६ टन माती दरसाल वाहते असा जुना अंदाज आहे, त्यातली साधारण १० टक्के धरणांत बसते आणि २९ टक्के समुद्रात जाते. आपल्याकडं मात्र एक खास अडचण आहे, आडसाली लागण. जुलै ऑगस्टला, भर पावसात, आपण रान नांगरून भुसभुशीत करून, सरी सोडून, उघडं ठेवतो. उसाचं पान जमीन झाकायला दोन तीन महिने लागतात आणि तोवर सगळा मोठा पाऊस होऊन गेलेला असतो. आणि सरी कुठल्या दिशेनं? पाणी लवकर पळावं म्हणून उताराच्या दिशेनं. मग प्रत्येक सरी ही माती वाहून न्यायची नाली होते.

यावर काय करायचं तर पहिलं, सरी उताराला आडवी काढा, अगदी हलका ढाळ देऊन. ट्रॅक्टरवाला कुरकुर करेल, फेरे जास्त होतात म्हणेल, त्याला जादा पैसे द्या, परवडतं. दुसरं, दोन सरींच्या मधे वरंब्यावर ताग, धैंचा, भुईमूग किंवा सोयाबीन टाका, जमीन लवकर झाकली जाते आणि ताग धैंचा ४५ दिवसांत फुलोऱ्याच्या आधी तिथंच गाडला की सेंद्रिय खत फुकट. क्षारपड रानात धैंचाच घ्या, तो ओल आणि मीठ दोन्ही सोसतो. तिसरं, रानाच्या खालच्या टोकाला सरीची तोंडं मोकळी सोडू नका, तीन ते पाच मीटरचा पट्टा न नांगरता गवताचा ठेवा. जनावरांना चारा पण होतो.

पाचट. हे मी कितीही वेळा लिहीन, पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, जाळू नका. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं आणि एका काडीपेटीनं ते घालवायचं म्हणजे काय. खोडव्यात बुडखे जमिनीलगत छाटा, पाचट सरीत दाबून बसवा, प्रत्येक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाका आणि पाणी द्या. पाचटाखाली पावसाचा थेंब मातीवर आपटत नाही म्हणून माती सुटत नाही, ऊन लागत नाही म्हणून पाणी उडत नाही, आणि पाणी उडत नाही म्हणून खालचं मीठ वर चढत नाही. एका कामात दोन्ही रोगांवर इलाज.

बांध, सांडवा आणि ओघळी

बांधाचं काम माथा ते पायथा असंच. खालच्याने कितीही चांगला बांध घातला आणि वरनं लोंढा आला तर तो फुटणारच. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते ढकलू शकणाऱ्या दगडाचं वजन ६४ पट होतं हा जुना नियम आहे, त्यामुळं आपलं सगळं कसब वेग कमी करण्यात घालवायचं, पाणी पूर्ण अडवण्यात नाही.

प्रत्येक बांधाला सांडवा पाहिजे, आणि सांडवा दगडानं पिचिंग केलेला, रुंद आणि बुडाला एका पातळीत. अरुंद सांडवा म्हणजे पुढच्या वर्षीची घळ. बांधावर आणि सांडव्याच्या दोन्ही अंगाला वाळा लावा, पावसाळ्याच्या सुरुवातीला १० ते १५ सेंटीमीटरवर एक ठोंब, एका ओळीत, मधे फट न ठेवता. दोन वर्षांत अशी भिंत होते की पाणी गाळून जातं आणि गाळ मागं बसतो. वाळ्याची मुळं सरळ खाली जातात, उसात घुसत नाहीत.

रानातलं पाणी जिथं एकत्र होऊन ओढ्याला लागतं तिथं तोंडावर एक गाळखड्डा काढा, आकार रानाप्रमाणं, पाणी घटकाभर थांबेल इतका. त्यात बसलेला गाळ दिवाळीनंतर काढून रानातच वरच्या बाजूला पसरा, ती तुमची सगळ्यात सुपीक माती आहे, भरावाला विकू नका.

ओघळ असेल तर वरच्या टोकापासनं सैल दगडाचे छोटे बांध घालत खाली या. खालच्या बांधाचा माथा आणि वरच्या बांधाचा पाया एका पातळीत आला पाहिजे, एवढं एक सूत्र पाळा. बांध मधे खोलगट आणि दोन्ही काठांत घुसवलेला ठेवा, नाहीतर पाणी कडेनं वाट काढतं. मोठ्या घळीला गॅबियन (तारेच्या जाळीत दगड भरून केलेला बांध) लागतो, तो तांत्रिक माणसाशिवाय नको.

चोपण रानाला जिप्सम, पण कधी

जिप्सम फक्त सोडियम जास्त असलेल्या रानाला. नुसत्या मिठफुटीच्या रानाला जिप्समनं काही होत नाही, तिथं चांगलं पाणी आणि निचरा एवढंच औषध. किती टाकायचं ते लॅबकडनं जिप्समची गरज काढून घेऊनच ठरवा, अंदाजानं नको. वरच्या थरात मिसळायचं, फार खोल नाही. मातीत चुनखडी भरपूर असेल, आपल्याकडं बऱ्याचदा असते, तर गंधक टाकून पण काम होतं, जिवाणू त्याचं आम्ल करतात आणि चुनखडीतलाच कॅल्शियम मोकळा होतो, वेळ मात्र लागतो. जोडीला कारखान्याची प्रेसमड (रस गाळून उरलेली मळी), शेणखत, धैंचा.

पण लक्षात घ्या, जिप्समनं सोडियम नाहीसा होत नाही, तो मातीच्या कणावरनं सुटून पाण्यात येतो आणि त्या पाण्याला जायला वाट नसेल तर पुन्हा तिथंच बसतो. म्हणून इथं आधी लिहिलं असलं तरी रानात निचरा आधी आणि जिप्सम नंतर, आणि वेळ पावसाळ्याच्या तोंडावरची, म्हणजे धुऊन जाणारं मीठ पाण्यानं भरलेल्या नदीत जातं, उन्हाळ्याच्या डबक्यात नाही.

आता निचरा

जिप्सम सोडून इथवर सगळं झाल्यावर पाणीपातळी खाली गेली का ते त्या उभ्या पाईपात बघा. काही रानांत एवढ्यावरच भागतं. नाही भागलं तर आधी उघडे चर. कालव्याच्या किंवा उंच रानाच्या पायथ्याला उपळ लागत असेल तर तिथं आडवा चर काढून ते पाणी रानात शिरायच्या आधीच वळवा, हे पाणी अजून खारट झालेलं नसतं, परत वापरता येतं.

मग मोल निचरा, म्हणजे ट्रॅक्टरच्या नांगराला लावलेल्या लोखंडी गोळ्यानं जमिनीत बोगदा ओढायचा, साधारण दोन फूट खोल, चार पाच मीटरवर एक. भरपूर चिकणमाती असलेल्या काळ्या रानात चालतो, स्वस्त पडतो, तीन ते पाच वर्षं टिकतो. चोपण रानात मात्र बोगदा ढासळतो, ग्लासातली ढेकळाची टेस्ट आठवा. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात निचऱ्यावर काम झालंय, तिथं जाऊन विचारा, तुमच्या मातीला काय चालेल ते तिथली माणसं समोर बसून सांगतात.

शेवटी पाईप. ८० मिलिमीटरचे भोकं असलेले नालीदार पाईप, वरनं जिओटेक्स्टाईलचा (पाणी गाळणाऱ्या कापडाचा) फिल्टर, साधारण साडेतीन चार फूट खोल, १०० मीटरला किमान १० ते २० सेंटीमीटर ढाळ. दोन पाईपमधलं अंतर मातीत पाणी किती वेगानं झिरपतं यावर ठरतं, भारी रानात जवळ, हलक्यात लांब, शेजाऱ्यानं किती ठेवलं यावर नाही. हे काम एकट्याचं नाहीच, मुख्य पाईप ओढ्यापर्यंत न्यायला चार जणांच्या रानातनं जावं लागतं. शिरोळला श्री दत्त साखर कारखान्यानं शेतकऱ्यांना एकत्र आणून हजारो एकरांवर हे करून दाखवलंय, एकत्र यायचं मॉडेल म्हणून ते जरूर बघून या.

आणि आता जे कुणी सांगत नाही ते. पाईपच्या तोंडाला व्हॉल्व्ह किंवा फिरवता येणारा एल्बो (वाकडा जोड) लावा. एल्बो वर फिरवला की रानातली पाणीपातळी त्या उंचीला थांबते, खाली केला की निचरा चालू. जुलै ते सप्टेंबर नदीला भरपूर पाणी असताना उघडा, फेब्रुवारी ते मे बंद किंवा वर. उन्हाळ्यात नदी आटलेली असते, खालच्या गावांच्या पाणी योजना त्याच डोहावर चालू असतात, तेव्हा तुमचं ४ ईसीचं पाणी सोडणं हा शेजारधर्म नाही. अमेरिकेत हे घडून गेलंय. ॲरिझोनात वेल्टन मोहॉक नावाच्या खोऱ्यात रानं सुधारायला जमिनीखालचं खारट पाणी उपसून १९६१ पासनं कोलोरॅडो नदीत सोडलं, खाली मेक्सिकोतल्या मेक्सिकाली खोऱ्यातल्या शेतकऱ्यांची पिकं गेली, दोन देशांचं भांडण झालं, १९७३ ला करार आणि १९७४ ला नदीच्या क्षारांवर खास कायदा करावा लागला. त्यानंतर त्यांनी पैसा मुख्यतः कशावर घातला तर कालव्यांना अस्तर, पाईपनं पाणी आणि शेतातलं पाणी कमी करणं, म्हणजे जे आपण आधीच करू शकतो ते.

ड्रेनेजचं पाणी परत पण वापरता येतं. चार भाग नदीचं ०.३ चं आणि एक भाग ड्रेनेजचं ३ चं मिसळलं तर ०.८४ येतं, कापूस किंवा गव्हाला चालतं, उसाला जपून, आणि चोपण रानाला नकोच. तोंडाशी पॅरा गवताचा वाफा केला तर ते पाणी पण पितं आणि वैरण पण देतं. तोंडाखाली दगडाचं पिचिंग करा, नाहीतर मीठ वाचवायच्या कामात पडणाऱ्या धारेनं ओढ्याचा काठ उकरला जाईल.

ओढा आणि नदीचा काठ

ऊस काठाच्या कडेपर्यंत लावायची सवय सोडा. निदान पाच मीटर सोडून करंज, जांभूळ, उंबर, वाळुंज, पाण्याजवळ शेरणी आणि लव्हाळा राहू द्या, आधीच असेल तर तोडू नका. पूर चढताना काठ फार ढासळत नाही, ढासळतो तो पूर झपाट्यानं ओसरताना, कारण काठ आतनं भिजून जड झालेला असतो आणि बाहेरनं पाण्याचा आधार निघून जातो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर काठाला जाऊन बघितलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. तिथं मुळंच धरून ठेवतात, काँक्रीटची भिंत नाही.

ओढा जेसीबीनं सरळ आणि खोल करायचा प्रस्ताव आला तर ग्रामसभेत प्रश्न विचारा. सरळ केलेला ओढा वेगानं वाहतो, स्वतःचा तळ खातो आणि सगळा गाळ नदीत नेतो. काठाची माती वीटभट्टीला द्यायची का याचा पण हिशोब करा, एकदाचे पैसे येतात आणि पुढचा प्रत्येक पूर रान खात जातो.

गटानं करायचं आणि मोजत राहायचं

गावाप्रमाणं नाही, ओढ्याप्रमाणं गट करा, कारण पाणी गावची शीव ओळखत नाही. ओढ्याच्या वरच्या टोकाला आणि नदीला मिळतो तिथं, महिन्यातनं एकदा ईसी आणि पावसाळ्यात प्रत्येक मोठ्या पावसानंतर गाळाची बाटली, एवढं दोन पोरांनी केलं तरी पुरे. आकडे ग्रुपवर टाका, सगळ्यांना दिसू देत.

पाईप ड्रेनेज केलं असेल तर पहिली दोन तीन वर्षं तोंडाचा ईसी जास्तच येणार, साठलेलं मीठ निघतंय, घाबरून बंद करू नका, फक्त वेळ पावसाळ्याची ठेवा. त्यानंतर तो उतरत गेला पाहिजे. तिसऱ्या चौथ्या वर्षी पण उतरत नसेल तर पाईप खणून बघायच्या आधी वर जाऊन बघा, कुणाच्या तरी फडात रात्रभर मोटार चालू असणार, नाहीतर गटातलं कुणीतरी २.५ ईसीच्या बोअरवर ऊस काढत असणार. त्या माणसाला नोटीस नको, त्याला नदीच्या लिफ्टमधनं दोन पाळ्या जादा मिळतील असं बघा आणि बोअर बंद करायला लावा.